स्वप्नातलं चित्र कागदावर येतं का?

टिपकागद

मी नोकरी सांभाळून जलरंगात काम करते, म्हणजे चित्रकला फक्त रात्री आणि रविवारी. पन्नाशी ओलांडल्यापासून झोपेने दगा दिलाय. मध्यरात्रीनंतर कधीतरी टक्क जाग येते आणि मग पहाटेपर्यंत नुसती कूस बदलत राहायचं. पण चित्रं सुचतात ती नेमकी याच वेळात, दिवसा कधीच सुचत नाहीत अशी. पहाटे परत डोळा लागलाच तर स्वप्नात एकेक जागा दिसते की काय सांगू! परवा माहेरच्या वाड्यातलं न्हाणीघर दिसलं. आत पाऊल टाकलं तर ते नदीचं पात्र, आणि बंबाचा धूर जांभळट हिरवा. उठले, बोर्डवर कागद ताणला, बसले. उतरलं ते कॅलेंडरवरचं निसर्गचित्र.

तर प्रश्न असे. स्वप्नातलं चित्र कागदावर येतं का? तुमचं आलं असेल तर कसं? जागरणात सुचतं त्यात खरंच काही असतं, की शिणलेल्या डोक्याला सगळंच भारी वाटतं? आणि जे लोक 'मनातून' काढतात, त्यांना डोळे मिटल्यावर समोर चित्र दिसतं का? मला अर्धवट दिसतं, कडा विरलेल्या.

सुरुवात म्हणून एक उदाहरण देते. लुईज बुर्ज्वा या शिल्पकर्तीने नोव्हेंबर १९९४ ते जून १९९५ या काळात झोप न येणाऱ्या रात्री २२० रेखाटनं केली. तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. लाल शाई, पेन्सिल, कागद हाताला लागेल तो, अगदी स्वरलेखनाच्या रेघांचासुद्धा. वर्तुळं, लाटा, त्याच त्या नागमोडी रेघा, मध्येच लिहिलेली वाक्यं. ओळीने बघत गेलं की वाटतं ही प्रेरणाबिरणा नाहीच, रात्र ढकलणं आहे. मग ते इतकं चांगलं का आहे?

मुळामुठा

मस्त धागा. मनी वसे ते स्वप्नी दिसे, एवढंच माझं मत. दिवसा काय बघता ते आधी सांगा.

जागरणकर

ताई, झोप लागत नाही हे तुमचं भाग्य समजा. रात्री दोननंतर फोन नाही, बेल नाही, 'भाजी काय करू' नाही. डोक्यातला पहारेकरी पेंगतो आणि नको नको ते सुचायला लागतं. व्हॅन गॉगने उगाच म्हटलंय का, की रात्र दिवसापेक्षा जास्त रंगीत असते? 'तारांकित रात्र' हे चित्र गाढ झोपणाऱ्या माणसाच्या हातून झालं असतं का? स्पॅनिश चित्रकार गोयाचं ते टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या माणसाचं चित्र बघा, मागून घुबडं आणि वटवाघळं उठतायत. बुद्धी झोपली की राक्षस जन्माला येतात, असं त्याने चित्रातच लिहून ठेवलंय. आम्हाला तेच राक्षस हवेत. मी स्वतः चारकोल फक्त रात्रीच हातात घेतो.

वऱ्हाडी_ठसा

मले त स्वप्नात अजूनही इंटरमिजिएटची परीक्षा दिसते. पेपर स्मरणचित्राचा, विषय 'पाणवठ्यावर', आणि रंगपेटीत नुसता पांढरा रंग. याचं काय चित्र काढू सांगा.

टिपकागद

@वऱ्हाडी_ठसा, हेच काढा ना! पांढऱ्यावर पांढरा पाणवठा.

गेरू

जागरणकर, तुम्ही व्हॅन गॉगला साक्षीला बोलावलंत म्हणून लिहितो, नाहीतर गप्प बसणार होतो. आयुष्यभर हेच शिकवत आलो आहे.

'तारांकित रात्र' जून १८८९ मधलं, फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असतानाचं. सूर्योदयाच्या कितीतरी आधी खिडकीतून शुक्राची चांदणी खूप मोठी दिसली, असं त्याने भावाला कळवलंय, तेवढं बरोबर. पण निजायच्या खोलीत त्याला रंगवायची परवानगी नव्हती. चित्र झालं ते तळमजल्यावरच्या कामाच्या खोलीत, दिवसाउजेडी. चित्रातलं गाव त्या खिडकीतून दिसतच नव्हतं, ते त्याने मनाने बसवलं. रात्रीने चांदणी दिली, चित्र दिवसाने केलं. वर तो स्वतः त्यावर खूश नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटाकडे एमिल बर्नार या चित्रकार मित्राला लिहिताना तारे फार मोठे केले, पुन्हा फसलो, असा त्याचा सूर आहे. आणि निद्रानाश म्हणाल, तर त्या जानेवारीत त्याने लिहिलंय की झोप यावी म्हणून उशीत आणि गादीत भरपूर कापूर घालतोय. जागरण हवं असलेला माणूस उशीत कापूर भरत नाही.

आता स्वप्नाकडे येतो. स्पॅनिश चित्रकार दालीची वितळती घड्याळं, १९३१ चं चित्र. आकार फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटर, आपल्या झेरॉक्सच्या कागदाहून जरासा मोठा. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी. त्या संध्याकाळी डोकं दुखत होतं, बायको मंडळींबरोबर सिनेमाला गेली, हा घरी राहिला. जेवणानंतर टेबलावर मऊ पडलेल्या कामाँबेर चीजबद्दल विचार करत बसला. झोपण्यापूर्वी कामाच्या खोलीत डोकावला, दिवा मालवणार तेवढ्यात दोन मऊ घड्याळं दिसली, एक ऑलिव्हच्या फांदीवर लोंबणारं. लोक गोष्ट इथेच थांबवतात. पण घोडीवर (ईझलवर) त्या वेळी पोर्ट लिगातच्या किनाऱ्याचं निसर्गचित्र आधीच रंगवून तयार होतं, पानं नसलेल्या ऑलिव्हसकट. याला काय जोडावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो अडून बसला होता. अडलेलं काम समोर होतं म्हणून घड्याळांना उतरायला जागा मिळाली.

दुसरं उदाहरण अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सचं. १९५४ मध्ये त्याला स्वप्न पडलं की आपण मोठा अमेरिकन झेंडा रंगवतोय. त्याने दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात केली, घरादाराला लावायच्या एनॅमल रंगाने. तो लवकर वाळेना. मग वितळलेल्या मेणात रंग कालवून, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर थर देत देत चित्र पूर्ण केलं. आज ते चित्र ज्या पोतामुळे बघावंसं वाटतं तो पोत मेणाचा आहे. स्वप्नात मेण नव्हतं.

टिपकागदताई, तुमच्या न्हाणीघराचं कॅलेंडर झालं, कारण तुम्ही स्वप्नातल्या वस्तू काढल्यात: नदी, धूर, भिंत. धक्का त्यांचा नव्हता. दाराच्या आत नदी मावली होती, याचा होता. ती मोजमापाची भानगड आहे, रंगाची नाही. उंबरठ्याची उंची आणि पाण्याची पातळी यांत किती अंतर होतं, ते आठवतं का? तिथून सुरू करा.

मुळामुठा

गोयाबद्दल अर्धंच सांगितलंत, जागरणकर. १७९९ च्या त्या ८० छापांच्या मालिकेतला तो ४३वा छाप. त्याला जोडलेल्या टिपणात पुढे असंही आहे की बुद्धीने सोडलेली कल्पना राक्षस जन्माला घालते, आणि बुद्धीच्या जोडीने तीच कल्पना कलांची आई होते. राक्षस हवेत म्हणणाऱ्यांनी आईचीही चौकशी करावी.

जागरणकर

बरं बाबा. पण गोया बहिरा झाल्यावर एकटा पडला आणि मगच तसलं काढायला लागला, हेही लिहा. सुखी माणसाचा सदरा घालून असली चित्रं होत नाहीत.

गेरू

१७९२-९३ च्या आजारात ऐकू येणं गेलं, खरं आहे. पण छापाचं तंत्र बघा. अॅक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवायची, तापवायची, मग एकेक भाग झाकत आम्लात किती वेळ ठेवायचा ते ठरवायचं. वेळ हुकली की करडा काळा होतो. ते जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांचं काम नाही. दुःख होतं हे मान्य, पण त्याबरोबर शिस्तही होती.

अर्धमात्रा

मी डॉक्टर, चित्रकार नाही. बायको चित्रकार आहे, त्यामुळे धाग्याशी घरचा संबंध.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत होते. प्रत्येक फेरीच्या शेवटाकडे डोळ्यांच्या जलद हालचालींचा, म्हणजे रेमचा, टप्पा येतो. तो १९५३ मध्ये नोंदला गेला. रसरशीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून याच टप्प्यात पडतात. रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणून पहाटे स्वप्नांचा सुकाळ. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. खरं होतं का ते सोडा, पण आठवतं नक्की, कारण त्यातून आपण थेट जागे होतो.

मग ते पुढे विसरतं कशामुळे? रेममध्ये मेंदूतलं नॉरअॅड्रेनलिन अगदी खाली गेलेलं असतं, आणि नव्या आठवणी पक्क्या करायच्या यंत्रणेला त्याचा आधार लागतो. त्यात उठल्याबरोबर मोबाइल बघितला, दूध तापवायला धावलं, की संपलं. जाग आल्यावर आहे त्याच कुशीवर पडून राहा, डोळे उघडू नका, शेवटचं दृश्य धरून मागे मागे जा. मगच वहीला हात लावा.

दाली हातात जड किल्ली धरून खुर्चीत डुलकी घ्यायचा, खाली पालथी ताटली. डोळा लागला की किल्ली पडायची आणि आवाजाने जाग यायची. ही कृती त्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी असाच प्रयोग १०३ जणांवर केला. आकड्यांच्या कोड्यात एक छुपा नियम होता. मधल्या विश्रांतीत ज्यांनी झोपेच्या पहिल्या, उथळ टप्प्यात किमान १५ सेकंद घालवली त्यांतल्या ८३ टक्के लोकांना तो सापडला, जागे राहिलेल्यांत ३० टक्क्यांना, आणि ज्यांची झोप त्याहून खोल गेली त्यांत फक्त १४ टक्क्यांना. कोडं आकड्यांचं होतं, चित्राचं नव्हे, त्यामुळे उड्या मारू नका. पण झोपेच्या उंबरठ्यावर काहीतरी घडतं हे दिसतं, आणि ते डुलकीतलं आहे, जागरणातलं नव्हे.

जागरणकर, तुमचं 'भाग्य' मला पटत नाही. झोप मोडत राहिली की पहिला बळी जातो पहाटेच्या रेमचाच. म्हणजे ज्या स्वप्नांसाठी ताई आसुसल्यात तीच कमी होतात. ताई, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ असं होत असेल तर दाखवून घ्या. पन्नाशीच्या आसपास बायकांची झोप मध्येच तुटते त्याला शरीरातली कारणं असतात, आणि त्यावर इलाज आहेत. गोळ्यांच्या आधी झोपेच्या सवयी बदलण्याची पद्धतशीर थेरपी असते, तिचा चांगला उपयोग होतो. चित्रासाठी आजार सांभाळू नका.

टिपकागद

@अर्धमात्रा, दाखवते. घरचेही तेच म्हणतायत.

@गेरूसर, उंबरठ्याचं वाचून दचकले. पाणी उंबरठ्याच्या वर होतं, पण बाहेर येत नव्हतं. हे मी लिहूनच ठेवलं नव्हतं.

हिमगौरी

टोरांटोहून. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मला डोळे मिटल्यावर काहीही दिसत नाही. आईचा चेहरा नाही, सफरचंद नाही, फक्त अंधार. तिशीपर्यंत मला वाटायचं, 'डोळ्यांसमोर आणा' ही नुसती बोलायची पद्धत आहे. २०१५ मध्ये अॅडम झीमन या ब्रिटिश मेंदुतज्ज्ञाने याला 'अफँटेझिया' नाव दिलं, तेव्हा कळलं की इतरांना खरंच दिसतं. दुसऱ्या टोकाला असेही लोक आहेत ज्यांना प्रत्यक्षाइतकं स्पष्ट दिसतं. तुमचं 'अर्धवट, कडा विरलेलं' म्हणजे बहुसंख्यांसारखंच.

तरी मी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे छाप घेते. ग्लेन कीन हे डिस्नेचे नावाजलेले अॅनिमेटर, 'लिटल मर्मेड'मधली एरिएल त्यांनी घडवली, त्यांनाही मनात चित्र दिसत नाही. ते आधी कागदावर रेघांचं जंगल करतात आणि त्यातून आकृती शोधतात. माझंही तसंच. तुम्ही आत बघता, मी कागदावर बघते. एक रेघ मारली की ती बरोबर की चूक हे लगेच कळतं, मारायच्या आधी कळत नाही.

विचित्र भाग म्हणजे मला स्वप्नं दिसतात, रंगीत. माझ्यासारख्या पुष्कळांचं असंच आहे. जाग आली की चित्र जातं, यादी उरते: 'लाल जिना, डावीकडे कोणीतरी, वास ओल्या लोकरीचा.' मी त्या यादीवरून कोरते. त्यामुळे माझ्यात आणि स्वप्नात एक भाषांतरकार कायमच बसलेला असतो. मला तो आवडतो.

बखरकार

हिमगौरी, तुमच्या यादीवरून जर्मन चित्रकार ड्यूरर आठवला. १५२५ साली, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या बुधवार-गुरुवारच्या रात्री त्याला स्वप्न पडलं की आभाळातून प्रचंड पाण्याचे लोट कोसळतायत. पहिला लोट चार मैलांवर पडला, आवाज केवढा झाला, पुढचे कुठे जवळ कुठे लांब पडले, इतक्या उंचावरून येत होते की संथ पडल्यासारखे वाटले, असं सगळं लिहिलंय. घाबरून उठला तर अंग थरथरत होतं. सकाळी उठून जसं पाहिलं तसं रंगवलं, खाली सही. तो कागद व्हिएन्नात आहे. वरच्या अर्ध्यात जलरंग, खालच्या अर्ध्यात मजकूर. इतका मोठा चित्रकार, पण अंतर आणि आवाज त्याने शब्दांतच ठेवले. चित्र अगदी साधं आहे: निळसर खांब, सपाट माळ, एकही माणूस नाही.

आणि आपल्याकडची गोष्ट कोणी कशी काढली नाही? भागवताच्या दहाव्या स्कंधात बाणासुराच्या मुलीला, उषेला, स्वप्नात एक तरुण दिसतो. नाव-गाव माहीत नाही. तिची सखी चित्रलेखा वर्णन विचारत बसत नाही. ती एकेक चित्र काढायला लागते. देव, गंधर्व, सिद्ध, मग माणसं, मग यादव. उषा नाही म्हणत जाते. प्रद्युम्नाचं चित्र आलं तशी ती लाजली, आणि अनिरुद्धाचं आल्यावर मान खाली घालून म्हणाली, हाच तो.

मला ही स्वप्नावरून चित्र काढायची सगळ्यात व्यवहारी रीत वाटते. स्वप्न सांग म्हटलं तर सांगता येत नाही, पण समोर आलं की ओळखता येतं. आणि प्रद्युम्न हा अनिरुद्धाचा बाप! म्हणजे जवळ आल्याचं आधी अंगाला कळतं.

गेरू

बखरकार, वा! इतकी वर्षं मुलांना 'आधी दहा-बारा छोटी स्केचेस करा' म्हणून कानीकपाळी ओरडतोय, चित्रलेखेचं नाव घेतलं असतं तर ऐकलं असतं.

टिपकागदताई, हेच करा. आगपेटीएवढे चौकोन आखा. प्रत्येकात न्हाणीघराचं दार आणि पाण्याची रेघ, एवढंच. दार अरुंद, दार रुंद, पाणी गुडघ्याएवढं, पाणी कडीएवढं. रंग नाही. उषेसारखं नाही, नाही म्हणत जा.

वऱ्हाडी_ठसा यांनी इंटरमिजिएटचा विषय काढलाच आहे तर सांगतो, स्मरणचित्राच्या पेपरची लोक टर उडवतात, कारण त्यात सगळी पोरं तोच बाजार आणि तोच पाणवठा पाठ करून जातात. मुळात तो सराव फार जुना आहे. लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की अंथरुणात अंधारात पडल्यावर, दिवसभर अभ्यासलेल्या आकारांच्या बाह्यरेषा मनातल्या मनात पुन्हा फिरवून बघा, उपयोग होतो, मी स्वतः अनुभवलंय. भिंतीवरच्या डागांत डोंगर, झाडं, लढाया शोधा असं सांगणाराही तोच. झोप येत नसेल तेव्हा करण्याजोगं हे काम आहे. दिवा लावायचा नाही, उठायचं नाही. आज पाहिलेली एक गोष्ट, रिक्षाचं मडगार्ड म्हणा, डोक्यात पुरती फिरवून बघायची. जिथे अडखळाल तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. झोप लागली तर उत्तमच.

पाणकोंबडी

अलिबागकडची आहे, म्हणून प्रभाकर बरवे यांचं नाव अजून कसं आलं नाही याचा राग आलाय. (१९३६-१९९५, जन्म नागावचा.) जे.जे.मधून शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, सुरुवातीची काही वर्षं बनारसला होते. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं १९९० चं मराठी पुस्तक या धाग्यावरच्या प्रत्येकाने वाचावं. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा वह्यांची पानंही होती. मी चित्रांपेक्षा त्या पानांसमोर जास्त रेंगाळले.

त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, ढग, एखादं फळ, अशा वस्तू मोकळ्या सपाट जागेत सुट्या सुट्या असतात. आकार एकमेकांच्या मापात नाहीत, सावल्या भलतीकडे. बघताना स्वप्नात असल्यासारखं वाटतं. पण धुकं कुठेच नाही! कडा लख्ख, रंग एनॅमलचा, सपाट, जागोजाग चकाकणारा.

मला वाटतं जलरंगवाल्यांची इथेच फसगत होते. स्वप्न म्हटलं की ओल्यावर ओला रंग सोडायचा, कडा विरघळवायच्या, वरून निळसर वॉश. पण स्वप्न पडत असताना कधी पुसट दिसतं का? तेव्हा तर न्हाणीघराच्या फरशीचा टवकासुद्धा दिसतो. पुसट होतं ते उठल्यावर. म्हणजे धुकं काढणारा स्वप्न काढत नाही, स्वप्न विसरणं काढतो. तेही काढण्यासारखं आहे, नाही असं नाही, पण आपण काय काढतोय ते माहीत असावं.

जागरणकर

पाणकोंबडी, हे पटलं. शंभर टक्के. मी इतके दिवस विसरणंच काढत होतो म्हणायचं. चारकोल घासून घासून.

मुळामुठा

जागरणकर पटवून घेतायत, आज कोजागिरी आहे काय?

टिपकागद

चौकोन केले. पान भरलं, दुसरं भरलं. सगळ्यात जवळचं निघालं ते ज्यात नदी जवळपास दिसतच नाही. दार उघडं, उंबरठा, आणि उंबरठ्याच्या वर बोटभर उंच पाण्याची एक सरळ कड, जशी काचेची असावी. बाकी न्हाणीघर अगदी साधं: दगडी फरशी, बंब, खुंटीवर पंचा. आधी जांभळट हिरव्या धुराच्या मागे लागले होते, तो पूर्ण काढून टाकला. पाणकोंबडी म्हणतात तशी कड मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा द्रव) लावून लख्ख ठेवली, ओल्यावर ओलं कुठेच नाही. आमची बहीण बघून म्हणाली, "अगं, पाणी आत का येत नाहीये?" एवढं पुरे झालं मला.

स्वप्नातलं आहे का हे? नाही. स्वप्नात मी भ्याले नव्हते, हे बघून जरा भीती वाटते.

गेरू

फोटो टाका. बंब बघून काढलात की आठवून?

टिपकागद

आठवून. तोटी जमली नाही, पंचा तिथपर्यंत खाली ओढला.

गेरू

जुन्या बाजारात एखादा बंब गाठा आणि तोटीचं वस्तुचित्र करा. बाकी सगळं अशक्य असेल तेव्हा तोटी चुकून चालत नाही.

जागरणकर

एक शंका. चित्रलेखेचं काम हल्ली एआयला देता येईल ना? वर्णन टाइप करा, पन्नास न्हाणीघरं हजर. तुम्ही नुसतं नाही, नाही म्हणायचं.

हिमगौरी

मी करून पाहिलं होतं, लाल जिन्यासाठी. दहावं-बारावं चित्र इतकं देखणं आलं की मी 'हेच' म्हणून बसले. आता जिना आठवायला गेलं की तेच समोर येतं. माझ्याकडे मूळ चित्र डोक्यात नसतंच, त्यामुळे पुसायला वेळ लागला नाही. यादी मात्र वहीत होती. तीत जिन्याला कठडा नव्हता, एआयच्या जिन्याला होता.

अर्धमात्रा

आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते. त्या वेळी जे ठळक चित्र हाताशी असेल ते तिच्यात मिसळतं. त्यामुळे आधी स्वतःची नोंद करा, मग काय वाटेल ते बघा. साक्षीदारांच्या बाबतीत पोलिसांनाही हेच सांगावं लागतं.

कोकणकडा

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. माझा प्रश्न जमिनीवरचा आहे. रात्री केलेलं चित्र सकाळी वेगळंच का दिसतं? रात्री तोललेले रंग सकाळी निळे पडलेले असतात, आणि जिथे पिवळा लावलाच नाही असं वाटतं तिथे चिक्कार निघतो.

गेरू

तुमच्या खोलीत पिवळसर दिवा असणार, २७००-३००० केल्विनवाला. त्या उजेडात निळी किरणं कमी. निळा रंग मेलेला दिसतो, म्हणून तुम्ही जास्त घालता. फिका पिवळा कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जातो, म्हणून परत परत देता. सकाळी उघडं पडतं. ४००० ते ५००० केल्विनचा दिवा घ्या, आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० किंवा वर लिहिलंय का बघा. साध्या स्वस्त दिव्यांत तो ८० च्या आसपास असतो, लाल रंग नीट दिसत नाही.

मिणमिणत्या उजेडात काम करत असाल तर आणखी एक भानगड. अंधारात लाल रंग काळपट होत जातो, निळे-हिरवे त्या मानाने उजळ दिसतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं. तिन्हीसांजेला जास्वंद काळी पडते आणि पानं अजून दिसत असतात, ते हेच.

अर्धमात्रा

पण गेरूसर, असला पांढरा लख्ख दिवा रात्री दोन वाजता तोंडावर घेतला की उरलीसुरली झोपही पळते.

गेरू

म्हणून रात्री रंग काढूच नयेत. एक शाई घ्या, काळी नाहीतर लाल, आणि साधा कागद. रंग शब्दांत लिहून ठेवा, 'इथे राखेसारखा' वगैरे. दिवा मंद चालतो, कारण तोलायचं काही नसतं. टिपकागदताईंनी सुरुवातीला विचारलं होतं की ती २२० रेखाटनं इतकी चांगली का आहेत. मला वाटतं त्याचं एक कारण हे आहे की बुर्ज्वाबाईंनी रात्रीकडून रात्रीपुरतंच काम मागितलं. लाल शाई आणि रेघ. पेंटिंग मागितलं असतं तर फसलं असतं.

पाणकोंबडी

अर्धं मान्य. त्यामागे आयुष्यभराचं शिल्पकाम होतं, ते विसरू नका. आपण रात्री नागमोडी रेघा काढल्या तर त्या नागमोडी रेघाच राहतील.

गेरू

तेही आहेच.

कोकणकडा

मग दिवा बदलू की शाई आणू?

गेरू

दिवा दिवसा पाऊस असतो तेव्हासाठी घ्या, कोकणात चार महिने लागेल. रात्रीसाठी शाई. आणि बाटली नको, पेन घ्या. झोपेत गादीवर सांडलेली शाई निघत नाही.